एक पट्टी वर

३ ऑक्टोबर, मंगळवार

ही वही मला छापखान्याने निवृत्तीच्या दिवशी दिली. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत ‘दैनंदीनी’ असं छापलंय. तेहतीस वर्षं मी त्यांची प्रुफं तपासली आणि जाताना त्यांनी मला ऱ्हस्व-दीर्घाची चूक भेट दिली. रागाने वर्षभर वहीला हात लावला नव्हता.

आज काढली, कारण सकाळी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई घरी आल्या होत्या. त्यांना एक पुस्तक काढायचंय. आपल्या गावात धक्क्याजवळच्या हॉलमध्ये दर शनिवारी बँड वाजायचे, त्या दिवसांच्या आठवणी. लोकांकडून पत्रं मागवणार, निवडणार, छापणार. संपादनाला मी हवी. “तुम्ही स्वतः वाजवायचात आणि शुद्धलेखनही पक्कं. दुसरं कोण आहे?” असं म्हणाल्या.

वाजवायचे हे खरं. पाच वर्षं कीबोर्ड वाजवला. सगळे त्याला ‘पेटी’च म्हणायचे. माझी धाकटी बहीण त्याच बँडमध्ये गायची. बाई गावात नव्या आहेत, त्यांना पुढचं काही माहीत नाही.

मी लगेच हो म्हटलं. चहाचा कप खाली ठेवायच्या आत. नंतर वाटलं, जरा आढेवेढे घ्यायला हवे होते. पण नाही म्हटलं असतं तर पत्रं दुसऱ्या कुणाच्या हातात गेली असती.

८ ऑक्टोबर, रविवार

धाकटी जेवायला आली. दर रविवारी येते. ती फेरीबोटीच्या कचेरीत घोषणा करते. “दोन वाजताची फेरी दहा मिनिटं उशिरा सुटेल, प्रवाशांनी पिवळ्या रेषेच्या मागे थांबावं.” आठवड्यातले सहा दिवस तिचा आवाज सगळ्या गावाला ऐकू येतो. माझ्या स्वयंपाकघरातही येतो. रविवारी शेवटची फेरी एकला सुटते, मग ती कुलूप लावते आणि दीडला माझ्या दारात असते.

पुस्तकाचं सांगितलं. म्हणाली, “छान आहे की.” आणि मीठ मागितलं. मला वाटलं होतं तिचा घास अडकेल. माझाच अडकला.

मग तिच्या कचेरीतल्या घोषणेआधीच्या घंटेबद्दल बोलत बसली. नवं यंत्र बसवलंय, टिंग-टाँग असं वाजतं. हिचं म्हणणं, दुसरा सूर उतरलाय. तंत्रज्ञाला बोलावलं. तो हसला, “बाई, कारखान्यातून आलंय, ते कसं उतरेल?” हिने हेका सोडला नाही. शेवटी त्याने मोजायचं यंत्र आणलं तर खरंच उतरलेला निघाला. “केसभर,” असं म्हणाली आणि समाधानाने ताक प्यायली.

मी म्हटलं, “तुला नस्त्या उठाठेवी. घंटा ती घंटा.” उगाच चिडले मी.

भांडी विसळताना मी सवयीने रेडिओ लावला. तिने ओल्या हाताने बंद केला. तीही सवयच आहे. छत्तीस वर्षांत तिला गुणगुणताना ऐकलेलं नाही. तिची मुलगी लहान होती तेव्हा अंगाईसुद्धा मीच जाऊन म्हणायचे, आणि माझा गळा म्हणजे विहिरीच्या रहाटासारखा.

११ ऑक्टोबर, बुधवार

पत्रांचं खोकं आलं. चौतीस पत्रं. काही टाइप केलेली, बरीचशी हाताने लिहिलेली, एक औषधाच्या पाकिटाच्या मागे. लोकांना काय काय आठवतं. हॉलच्या लाकडी फरशीत एक फळी सैल होती आणि नाचताना सगळे तिला टाळायचे, हे सहा जणांनी लिहिलंय. खारट वाऱ्याने गिटारच्या तारा गंजायच्या म्हणून आमचा गिटारवाला त्या खोबरेल लावून कागदात गुंडाळून ठेवायचा. हे मी विसरले होते. वाचून हसले, आणि मग वाईट वाटलं, कारण तो गेला त्याला आता सात वर्षं झाली.

चौतिसातल्या नऊ पत्रांत त्या एका संध्याकाळची टिंगल आहे.

“आमच्या गावची गायिका ऐन वेळी अशी घसरली की समुद्रालाही ओहोटी लागली.” “शहरातून कॅसेट कंपनीचे साहेब खास ऐकायला आलेले आणि बाईंचा सूर गेला पोहायला.” एकाने चित्र काढून पाठवलंय: माइक, तोंड उघडलेली मुलगी, आणि कानांत बोटं घातलेला मासा. टोपणनावही आहे नऊपैकी पाचांत. ओहोटी. तिला समोर कुणी तसं म्हणत नाही. पाठीमागे अजूनही म्हणतात, मी ऐकलंय. बेकरीत ऐकलंय.

कुणी दुष्टपणाने लिहिलेलं नाही. प्रेमानेच लिहिलंय, जुन्या गमती आठवाव्यात तसं. म्हणूनच वाचवत नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

तिला जेवायला येऊ नको म्हणून कळवलं. डोकं दुखतंय म्हटलं. दुखत नव्हतं.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तर एकदा सरळ लिहून टाकते.

कीबोर्डवर एक बटण असतं. ते दाबलं की सगळी पट्टी एक घर वर जाते. बोटं तीच ठेवायची, सूर मात्र वरचे निघतात. आमच्या ड्रमवाल्याचं, ढोल्याचं, एक विनोदी गाणं असायचं. ते त्याच्या गळ्याला एक पट्टी वर लागायचं. गिटारवाला आणि बेसवाला बोटं सरकवून वाजवायचे. मी बटण दाबायचे. वरच्या पट्टीतली बोटं मी शिकलेच नव्हते. आळस, दुसरं काही नाही.

त्या संध्याकाळी ढोल्याचं गाणं झालं, टाळ्या झाल्या. पुढे धाकटीचं. वीस वर्षांची होती. मी बटण परत दाबायला विसरले.

तिच्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी फक्त ती आणि मी. मी सूर दिला, तिने घेतला. तिसऱ्या ओळीला गिटार, बेस, ड्रम आले आणि सगळं एकमेकांवर आदळलं. हॉलमधल्या शंभर माना वर झाल्या. पुढच्या रांगेतल्या कंपनीच्या साहेबांची पण झाली.

मला कळलं. एका क्षणात कळलं. डावा हात गेला, बटण दाबलं. मी बाकीच्यांत जाऊन मिसळले.

ती राहिली वर, मी तिला जिथे नेऊन सोडलं होतं तिथे. मी दिलेला सूर इमानाने धरून. आता तीन पुरुष आणि मी एका बाजूला, आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला. हॉलला काय ऐकू येणार? चौघं बरोबर, एक चूक. तिने खाली यायचा प्रयत्न केला, मग वर, मग पुन्हा खाली. कुणीतरी हसलं. कडव्याच्या मध्येच ती थांबली.

विसरण्याबद्दल मी स्वतःला केव्हाच माफ केलंय. माणूस विसरतो. पण दाबलं का? मी तशीच वाजवत राहिले असते तर आम्ही दोघी चुकलो असतो. लोक म्हणाले असते, बहिणींचं फिसकटलं. दोघी हसलो असतो त्यावर.

हेही लिहायला हवं. नंतर आतल्या खोलीत ती म्हणाली, “ताई, तुझी पेटी हलली का गं?” खोलीत सगळे होते. मी म्हटलं, “नाही.” बेसवाला म्हणाला, “नाचता येईना अंगण वाकडं.” मी हसले. सगळे हसले म्हणून.

ती पुन्हा गायली नाही. आम्ही दुसरी गायिका शोधून आणखी दोन वर्षं वाजवत होतो.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

निर्णय घेतला. नऊच्या नऊ पत्रं बाहेर. संपादकाला तेवढा अधिकार असतो. ग्रंथपाल बाईंना म्हटलं, “तेच तेच होतंय, लांबीसाठी काढतेय.” त्या म्हणाल्या, “तुम्हाला योग्य वाटेल ते.” उरलेल्या पत्रांतही कुठे कुठे तिचा उल्लेख होता. “त्या दोघी बहिणी” असं होतं तिथे “कीबोर्डवाली” केलं, वाक्य नीट बसवलं. काम इतकं सफाईने झालं की शिवण दिसत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. निदान छापील पुस्तकात तरी माझ्या बहिणीला कुणी हसणार नाही. फार दिवसांनी शांत झोप लागली.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

ढोल्याकडे गेले होते. त्याचं टायरचं दुकान आहे, बसस्थानकामागे. पूर्वी नाव शोभायचं, आता वाळून काटकी झालाय, तरी सगळे ढोल्याच म्हणतात. एका टायरवर मला बसवलं, दुसऱ्यावर स्वतः बसला.

“माझं पत्र घेतलंस ना?” म्हणाला.

“घेतलं. थोडं कापलं.”

“काय कापलंस?”

“धाकटीचं ते.”

तो हातातल्या फडक्याने बोटं पुसत राहिला. “अगं, मी वाईट काय लिहिलं होतं? मी लिहिलं होतं, तिसऱ्या ओळीला काहीतरी कडकडलं आणि मी ड्रमवरून बघितलं तर ती तुझ्याकडे बघत होती. एवढंच.”

“तिला बरं नाही वाटणार.”

“तिला विचारलंस?”

मी म्हटलं, बहिणीला काय विचारायचं, मला कळतं. तो म्हणाला, “बरं बाई.” मग दुकानात गिऱ्हाईक आलं. याला काही माहीत आहे का? ड्रमच्या धडधडाटात काय ऐकू येणार, म्हणा. चोराच्या मनात चांदणं.

३० ऑक्टोबर, सोमवार

आज जे झालं ते होईल असं मला वाटलंच नव्हतं. एवढी वर्षं प्रुफं तपासून हे सुचू नये.

प्रकाशन एकोणीस तारखेला, हॉलमध्येच, दुपारी चारला. ग्रंथपाल बाईंनी हौसेने धाकटीला सांगितलं, तुम्ही फेरीच्या घोषणेबरोबर आमच्याही कार्यक्रमाची घोषणा करा, आणि वाचायला म्हणून सगळी प्रुफं तिच्या हातात दिली.

संध्याकाळी सहाला धाकटी आली. सोमवारी कधी येत नाही. चप्पल न काढता उंबऱ्यात उभी राहिली.

“ताई, यात मी कुठे आहे?”

मी म्हटलं, “आत तर ये.”

“दोनदा वाचलं. सैल फळी आहे, तारांना लावायचं खोबरेल आहे, तिकीट फाडणाऱ्याचा कुत्रा आहे. अगं, कुत्र्याला अख्खा परिच्छेद आहे. मी कुठेच नाही.”

“लोक काहीबाही लिहितात. तुला त्रास झाला असता.”

“म्हणजे लिहिलं होतं?”

मी तिच्या हातातल्या प्रुफांकडे बघितलं.

“तीन वर्षं गायले मी तिथे, ताई. दर शनिवारी. एक दिवस बेसूर झाले म्हणून बाकीचे सगळे दिवस गेले?” आवाज चढवला नाही तिने. घोषणा करते तशी एकसारखी बोलत होती. “हसू दे की लोकांना. हसायला तरी मी असले असते.”

प्रुफं माझ्या चपलांच्या फळीवर ठेवून गेली. जिन्यात दिवा लावायलाही थांबली नाही.

मी तिला दोनदा पुसलं. आधी सुरातून, मग शाईतून.

५ नोव्हेंबर, रविवार

दीड वाजायची वाट बघायची नाही असं ठरवलं. ती येणार नाही हे मला कळत होतं. बाराला मीच कचेरीत गेले.

तिची खोली म्हणजे काचेची पेटीच. एक टेबल, माइक, वेळापत्रक, पाण्याची बाटली, एक जास्तीची खुर्ची जिच्यावर तिची पिशवी असते. पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बसले. ती म्हणाली, “साडेबाराची सोडायचीय.” मी म्हटलं, सोड. तिने सोडली. मग मी सांगितलं.

वर लिहिलंय तेच सांगितलं. बटण, ढोल्याचं गाणं, दोन ओळी, बटण. आतल्या खोलीतलं ‘नाही’. मध्ये थांबले नाही. थांबले असते तर उठून गेले असते.

ती काचेतून बाहेर बघत होती. मग विचारलं, “कितव्या ओळीला दाबलंस?”

“तिसऱ्या. सुरुवातीलाच.”

“म्हणजे दुसरीपर्यंत मी बरोबर होते.”

“तू शेवटपर्यंत बरोबर होतीस. माझ्या सुरावर होतीस.”

“मग खाली का आले मी? मध्ये मी खाली आले होते, मला आठवतंय.”

“तू आम्हाला शोधत होतीस.”

तिने मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी नाही, नुसती हलवली. मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, “मी कानांच्या डॉक्टरकडे गेले होते. तुला सांगितलं नाही कधी. लग्नाआधी एकदा, नंतर एकदा. ते म्हणाले, काही नाही, कान उत्तम आहेत. मला वाटलं, यांना कळत नाही.”

मी रडायला लागले. तिने हात वर केला, म्हणजे थांब. पावणेएक झाला होता. बटण दाबलं, घंटा वाजली, आणि ती म्हणाली, “एक वाजताची, आजची शेवटची फेरी पंधरा मिनिटांत सुटेल. लहान मुलांचा हात धरावा.” एक अक्षर हललं नाही.

माइक बंद केला आणि म्हणाली, “हे लिहून दे. पुस्तकात. तुझ्या नावाने.”

६ नोव्हेंबर, सोमवार

एका बैठकीत लिहिलं. चार पानं. काही लपवलं नाही. ग्रंथपाल बाईंनी वाचून माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, “अहो, हेच पुस्तकाचं हृदय आहे.” काढलेली पत्रं परत घालायला वेळ नाही, छपाई सुरू व्हायचीय, पण माझं शेवटी जाईल. म्हणाल्या, कार्यक्रमात तुम्हीच वाचा.

छातीवरचा दगड उतरला म्हणतात तो खरा असतो. दुपारी चक्क भूक लागली.

१९ नोव्हेंबर, रविवार

हॉल भरला होता. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे. ती सैल फळी अजून आहे आणि म्हातारे अजून तिला टाळूनच चालतात. धाकटी चौथ्या रांगेत, कडेला बसली होती. निळी साडी नेसली होती.

मी वाचलं. ढोल्याच्या गाण्यापाशी लोक हसले, तो उठून वाकला, आणखी हसले. बटणापाशी शांतता. “मी बाकीच्यांत जाऊन मिसळले” या वाक्याला कुणीतरी “अरेरे” म्हटलं. शेवटी मला पुढे वाचवेना तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. खरंच उभा राहिला. इतक्या टाळ्या मी वाजवत होते तेव्हाही कधी मिळाल्या नव्हत्या.

खाली उतरले तर लोकांनी घेरलं. “केवढं धाडस.” “एवढी वर्षं किती सोसलंत हो.” ढोल्याने डोळे पुसले. ज्याने माशाचं चित्र काढलं होतं तो गृहस्थ सही मागायला आला. एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून गेली.

धाकटीला शोधलं, पण ती तोवर गेली होती. दमली असेल.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी बेकरीत गेले तर बेकरीवाला म्हणाला, “या बटणवाल्या बाई.” सगळे हसले, मीही. त्याने ताजा पाव निवडून दिला. रस्त्यात तीन जणांनी थांबवलं. पोस्टात खिडकीवरच्या मुलीने विचारलं, ते बटण कसं असतं हो, दाखवाल का? कुणाच्याही तोंडून मला ओहोटी हा शब्द ऐकू आला नाही. गेला म्हणायचा.

धाकटीला दोनदा फोन केला. कामात असेल.

२६ नोव्हेंबर, रविवार

दीडला आली. मी ताट वाढलेलं नव्हतं, कारण गेल्या दोन रविवारी फुकट गेलं होतं. म्हटलं, पटकन भात टाकते. ती म्हणाली, “जेवायला नाही आले.” पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. मागच्या पानांत पेन्सिलीच्या खुणा होत्या. आयुष्यभर खुणा मी केल्या, माझ्या मजकुरावर कुणी केल्याचं आठवत नाही.

“चार पानांत ‘मी’ किती वेळा आलंय, मोजलंस?”

“नाही.”

“एकशे सात. ‘ती’ चौदा वेळा. त्यातल्या दोन ‘ती संध्याकाळ’.”

मी म्हटलं, “अगं, कबुली आहे ती. कबुलीत मी असणारच.”

“हो ना. तुझी चूक, तुझी झोप, तुझं ओझं. लोक रडले ते तुझ्यासाठी. त्या हॉलमधून बाहेर पडेपर्यंत एका माणसाने माझ्याशी बोलावं? तुझ्याभोवतीच्या गर्दीत मला वाट काढावी लागली. एकाने तर विचारलं, ‘तुम्ही बाईंच्या कोण?’” ती खुर्चीवर बसली. पहिल्यांदाच जरा दमलेली दिसली. “तेव्हा लोक मला हसले. आता तुला टाळ्या. दोन्हीकडे सूर तूच दिलास, ताई.”

हेही लिहून ठेवते, की पहिल्या क्षणी मला राग आला. एवढं सगळ्यांसमोर सांगितलं, अजून काय हवंय हिला, असं मनात आलं. तो राग ओसरायला पाणी पिण्याइतका वेळ लागला. मग जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं.

“काय करू सांग,” म्हटलं.

“मी कशी गायचे ते लिही. तू माझ्या शेजारी बसून ऐकलंयस. तुझ्याइतकं जवळून कुणी ऐकलं नाही. चूक सोडून बाकीचं लिही.”

कागद घेतला, पेन घेतलं, बसले. सैल फळी आठवली. माझ्या डाव्या हाताचं बोट आठवलं, बटणाचा रंग, त्यावरची टवका उडालेली खूण. ती उभी आहे, तोंड उघडलंय, हे दिसतं. आवाज नाही. छत्तीस वर्षं रोज त्या एका मिनिटात जाऊन आले आणि दर वेळी स्वतःच्याच बोटाकडे बघून परत आले. तीन वर्षांच्या शनिवारांतला तिचा एकही सूर माझ्यापाशी उरला नाही. आठवतो तो फक्त चुकलेला, आणि तो तर तिचा नव्हताच.

खोटं लिहिता आलं असतं. मधुर, खडा, भिजलेला, असे शब्द हजारदा तपासलेत. पेन खाली ठेवलं.

“मला आठवत नाही,” म्हटलं. “तुझा आवाज मला आठवत नाही गं.”

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता उठून जाईल, आणि मग कुठल्याच रविवारी येणार नाही. मी दाराकडे बघत होते. ती उठली, पण पुस्तकातून मागचा कोरा कागद फाडला, माझ्यासमोर ठेवला, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून बसली. खुर्चीचा आवाज झाला.

“छापखान्यात चुकीची दुरुस्ती कशावर छापतात?”

“शुद्धिपत्रावर. वेगळा कागद असतो. पुस्तकात चिकटवतात.”

“मग मी सांगते. तू फक्त लिही. मध्ये काही सुधारायचं नाही.”

“नाही सुधारत.”

तिने घसा साफ केला. माइकपुढे करते तसा नाही, हळूच.

“मी चांगलं गायचे,” ती म्हणाली. माझ्या हाताकडे बघत होती. “लिहिलंस?”

“लिहिलं.”

“पूर्णविराम दे.”

दिला.